बंडूजींचा पहिला दर्जा

आमच्या गावात बंडूजी कंपाउंडरांनाच डॉक्टर म्हणत. खरे डॉक्टर आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी यायचे आणि बाजार उठायच्या आत निघून जायचे. बाकीचे दिवस पांढरा कोट बंडूजींच्या अंगावर. कोटाच्या आत माणूस एवढासा, पण खाकरायचा असा, की गावची पाटीलकी याच्याच घरात असावी.

गाव आमचं नागपूरच्या रस्त्यावर, जामच्या अलीकडे. नागपूरला दीक्षा घेऊन आलो, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही देव सोडले, बंडूजींनी सवय सोडली नाही. आमच्या वस्तीतल्या बायांच्या हातावर ते गोळी वीतभर वरून टाकायचे. नेम चुकून गोळी खाली पडली, की औषध वाया घालवलं म्हणून आमच्यावरच खेकसायचे.

त्या वर्षी तपासणीचे साहेब न सांगता आले. दवाखान्याच्या टेबलावर बंडूजींच्या घरच्या मिरच्या वाळत होत्या आणि कापसाच्या पेटीत त्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती. साहेबांनी झाकण उचललं, कोंबडीनं बोट फोडलं. बोटाला लावायला कापूस मागितला, तर तो कोंबडीखाली. दवाखान्याचा पहिला दर्जा त्याच दिवशी गेला, आणि दर्जासोबत कोयनेलच्या गोळ्याही गेल्या. हिवतापावर आमच्याकडे तेवढंच औषध. दर्जा परत मिळवा, मग गोळ्या मिळतील, असं साहेब सांगून गेले.

इकडे भादव्यात माझी मोठी जाऊ भागीरथा थंडीतापानं पडली. अंगावर चार गोधड्या टाकून वर मी बसले, तरी खाट हलायची. तिला गोळ्या पाहिजे होत्या, बंडूजींना दर्जा.

बंडूजी कामाला लागले. काम म्हणजे धुणं. भिंतींना चुना लागला, फरशी रोज फिनेलनं धुतली जाऊ लागली, आणि धुतलेल्या फरशीवर रोग्यानं पाय ठेवायचा नाही.

"काऊन जी, आत येऊ देत नाई?" मी दारातून विचारलं.

"फरशी वाळून राह्यली."

"अन् माही जाऊ तापून राह्यली, तिचं काय?"

"साहेब येऊन जाऊ दे, सखू. मंग येजो."

या खेपेला साहेब कळवून येणार होते. त्या दिवशी मात्र बंडूजींना रोग्यांची आठवण झाली. रिकाम्या दवाखान्याला दर्जा कोण देणार? धुतलेली लुगडी नेसून, डोक्याला तेल लावून या, असा निरोप घरोघर गेला. सगळे आले. भागीरथाही माझ्या खांद्याला धरून आली.

आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्यानं खुशाली विचारली तर दुखणं सांगत नाहीत. तो एवढ्या लांबून आला, त्याच्यापुढे रडगाणं काय गायचं?

साहेबांनी रांगेत पहिल्या रामाजींना विचारलं, "काय बाबा, कसं आहे?"

"बरं हाये जी," रामाजी म्हणाले. पायाला लिंबाएवढं गळू होतं.

"तुमचं, बाई?"

"बरं हाये जी, तुमच्या किरपेनं," तानाबाई खोकला गिळून म्हणाली.

भागीरथाचे दात वाजत होते. तिनं पदर सावरला. "बरं हाये जी. घरी लेकरंबाळं बरी हायेत ना?"

साहेब खूश झाले. एवढा गुण येणारा दवाखाना त्यांनी कुठं पाहिलाच नव्हता. दर्जा जागेवरच परत मिळाला. मागून दारावर लावायची पहिल्या दर्जाची पाटी आली, कोयनेलच्या बाटल्या आल्या. बंडूजींनी त्या कपाटात ओळीनं मांडल्या आणि कुलूप घातलं. खर्च झाल्या तर कपाट उणं दिसेल, अन् साहेबांचा काय नेम!

मी हातापाया पडले. बंडूजी म्हणाले, "तुह्या जावेनं साहेबापुढं काय सांगतलं? बरं हाये म्हणे. बऱ्या माणसाले औषध देतेत का?"

मी घरी गेले, जावेला उठवलं, चालवत आणलं आणि दवाखान्याच्या मधोमध बसवलं.

"अवं, फरशी! उठव तिले!"

ती उठली नाही, ओकली. पहिल्या दर्जाच्या फरशीवर, भिंतीपासून टेबलापर्यंत.

बंडूजी तिच्याहून पांढरे पडले. फिनेल त्याच कपाटात. कुलूप निघालं, फिनेलची बाटली निघाली, आणि ते फडकं शोधत दाराकडे धावले. कपाट उघडंच राहिलं. मी आत हात घातला.

"ठेव ते! सरकारी माल हाये!"

"मतं मागाले येतेत तवा आम्ही बी सरकारचेच असतो जी."

त्यांच्या अन् माझ्या मधे ती ओकारी पसरलेली. ती ओलांडायला बंडूजींचा पाय काही उचलेना. मी जावेला पाणी पाजलं, गोळी तिच्या जिभेवर ठेवली, आणखी थोड्या पदरात बांधल्या.

दारात रामाजी लंगडत आले होते. दार उघडं, फरशी तशीही गेलेली. ते सरळ आत आले आणि बाकावर पाय पसरून बसले. त्यांच्यामागून तानाबाई खोकत आली. बंडूजी ओणवे होऊन पुसत होते, आणि पुसलेल्या जागेवर मागून लोकांचे मातीचे पाय उमटत होते.