भुऱ्याची पाठ

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा सुईणीने त्याला आधी खिडकीच्या उजेडात धरलं, उलटासुलटा करून पाहिलं आणि मगच आईच्या कुशीत दिलं. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, कातडी इतकी गोरी की आतल्या शिरा मोजाव्यात. शेजारच्या काकू आठवडाभर येऊन आईला विचारत होत्या, "दिवस असताना काय खात होतीस गं?" काहीतरी गुपित आहे आणि ही मुद्दाम सांगत नाही, असं त्यांना वाटायचं. त्यांच्या घरी तीन सावळ्या मुली होत्या. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि मला तो अजिबात आवडला नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, याच्या कातडीत रंग तयारच होत नाही. तुमच्याआमच्या अंगातला रंग छत्रीचं काम करतो, याला ती छत्री मिळालेली नाही. उन्हापासून जपा. जपायचं कसं, ते मात्र सांगितलं नाही, आणि जपायची गोष्ट निघाली की आमच्या घरात प्रत्येक जण डॉक्टर.

आईचा विश्वास तेलावर. तेल चोपडलं की ऊन घसरून जातं, असं तिचं शास्त्र. तिने त्याला नखशिखांत चोपडून अंगणात सोडलं आणि संध्याकाळपर्यंत पोर लालबुंद झालं, खांद्यांवर फोड आले. मग वडिलांनी ओल्या मातीचा लेप लावला. तो सुकला की गळून पडायचा आणि अंगाला खाज सुटायची. शेवटी त्यांनी फर्मान काढलं की दिवसा याला घरात कोंडा. कोंडलं की तो असा बोंबलायचा की गल्लीतली माणसं विचारायला यायची, मारता की काय त्याला?

गल्लीने त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. आधी चिडवायला, मग सवयीने, आणि पुढे आम्हीही तेच म्हणायला लागलो.

मी शिवण शिकले आणि आमच्या घरातलं डॉक्टरपद माझ्याकडे आलं. मी ठरवलं, तेल नको, माती नको, कोंडणंही नको. याला कापडाने झाकायचं. रुंद काठाची टोपी, टोपीला मागे मानेवर पडणारा पडदा, हातमोजे, बोटांच्या पेरांपर्यंत येणाऱ्या बाह्या, गळ्याशी घट्ट कॉलर. आणि शर्ट पांढऱ्या मलमलचा. काळं ऊन ओढतं आणि पांढरं परतवतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तर शिंपीण होते.

शाळा त्याच्या डोळ्यांनी बंद पाडली. अशा माणसांची नजर अधू असते. पहिल्या बाकावरूनही त्याला फळा दिसायचा नाही. पुढे दुकानात बसवला, तर डब्यावरची नावं वाचता येईनात. दोन दुकानांतून हाकलला गेला. शेवटी सिमेंटच्या यार्डात लागला. कुंड्या, खिडक्यांच्या जाळ्या, कुंपणाचे खांब असलं सगळं तिथे साच्यात ओततात. हे काम डोळ्यांचं कमी, हातांचं जास्त. साचा नीट भरला की नाही, ते तो तळहाताने थोपटून आवाजावरून सांगायचा. त्याच्या जाळीला कधी पोकळी राहिली नाही, असं तिथले मिस्त्री माझ्या तोंडावर म्हणाले होते. त्याला मात्र ते "साहेब" म्हणायचे. "साहेब, रंग तुमचा मालकाचा आणि काम गाढवाचं, असं कसं हो झालं?" हा हसून म्हणायचा, "देवाने घाईत पार्सलं अदलाबदल केली."

काम उघड्यावर होतं. एका कोपऱ्यात पत्र्याची शेड होती, पण तिच्यात सिमेंटच्या गोण्या. सिमेंट भिजता कामा नये, माणूस भाजला तरी चालतो. दिवसभर तो वाकलेला असायचा, म्हणजे टोपीखाली तोंड सावलीत आणि पाठ आभाळाकडे. उकडलं की कुंड्यांवर पाणी मारायचा तोच पाइप तो शर्टावर मारून घ्यायचा. तेही मीच सांगितलं होतं. म्हटलं, ओलं कापड गार ठेवतं.

क्रीम माहीत नव्हतं असं नाही. एका डॉक्टरांनी एक ट्यूब दिली होती. एवढ्या अंगाला ती आठ दिवसांत संपली आणि त्या आठ दिवसांत सिमेंटची धूळ तिच्यावर अशी बसली की संध्याकाळी त्याची बायको म्हणाली, "तुम्हाला आज साच्यातून काढलं का हो?" नंतर कोणी ट्यूब आणली नाही. माझे शर्ट होतेच. वर्षाला सहा, एकोणीस वर्षं. हिशेब तुम्हीच करा.

मला त्या शर्टांचा गर्व होता, उगाच खोटं कशाला बोलू? त्याचं तोंड चाळिशीतही एकाही डागाशिवाय होतं. त्याच्यासारखा एक माणूस पलीकडच्या वस्तीत होता, त्याचे कान आणि ओठ केव्हाच खराब झाले होते. त्याच्याकडे पाहून मी मनात म्हणायची, याला बहीण नसणार.

रक्ताचा डाग पहिल्यांदा भावजयीला दिसला, शर्ट धुताना, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. तो म्हणाला, खांब उचलताना खरचटलं. महिन्याने डाग तिथेच होता, तीन महिन्यांनी मोठा. जखमेवर खपली धरायची, ती पडायची, जखम पुन्हा वाहायची. "होईल बरं," तो म्हणाला. आम्हीही म्हणालो. काखेत गाठ आली तेव्हा मी त्याला बखोटीला धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. भावजय मुलीची परीक्षा होती म्हणून घरी राहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाठ पाहिली, काख दाबली. मग खुर्चीवर काढून ठेवलेला शर्ट उचलला.

"हाच घालून काम करता?"

"असे सहा आहेत," मीच उत्तर दिलं. "मी शिवते."

त्यांनी शर्टाच्या आत हात घातला आणि तो खिडकीसमोर धरला. कापडातून त्यांची पाचही बोटं दिसत होती. अंगठी दिसत होती. नखांचा रंगसुद्धा सांगता आला असता.

"मला माझा हात दिसतो, म्हणजे उन्हाला यांची पाठ दिसत होती," त्या म्हणाल्या. "पातळ, विरळ विणीचं, त्यात पांढरं. भिजवलं की आणखी वाईट. यांना जाड, घट्ट विणीचं, गडद कापड हवं होतं. गरम होतं, पण ऊन अडवतं." त्या रागावून बोलत नव्हत्या. बस कुठून सुटते ते सांगावं, तसं सांगत होत्या.

मला आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी तो माप द्यायला आला असताना म्हणाला होता, "ताई, आतून पाठ भाजते गं. मिस्त्री निळं जाड ड्रिल घालतात, तसं नाही का शिवता येणार?" आणि मी म्हटलं होतं, "गप उभा राहा. शिवायचं मला कळतं की तुला?" मापाची टेप तेव्हा त्याच्या पाठीवरच होती.

मी तोंड उघडायच्या आधी भुऱ्या बोलला.

"डॉक्टर, शर्टाचा काय दोष? मी तो घालायचोच कुठे! ही बिचारी रोज घालायला लावायची. यार्डात पोचलो की काढून खिळ्याला अडकवायचो. उघडाच काम करायचो, गार वाटतं म्हणून. घरी निघताना परत चढवायचो."

आणि हसला. जो माणूस दारातल्या नळावर तोंड धुवायलाही शर्टाशिवाय गेला नाही, तो हे म्हणत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहायला लागल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "काय रे हे? तू कधी उघडा बसलास?"

"तू होतीस का यार्डात बघायला?"

"भुऱ्या."

"ताई, आता त्याचा काही उपयोग आहे का? नाही ना? मग सोड."

ऑपरेशन झालं. पाठीचा तळहाताएवढा तुकडा काढला, काख साफ केली. चार महिन्यांनी छातीच्या फोटोत डाग दिसले आणि दवाखान्याने घरी पाठवलं. मी निळ्या ड्रिलचा शर्ट शिवला, पाठीला दुहेरी कापड लावून. बैल गेला आणि झोपा केला. तो त्याने एकदा अंगात घातला, पण पट्टीवर त्याचं ओझं सहन होईना. शेवटी मलमलच बरी वाटायची. माझ्याच शर्टांत तो पडून असायचा.

खिळ्याची गोष्ट त्याने दवाखान्यात सोडली नाही. घरी बायकोला सांगितली, भेटायला येणाऱ्यांना सांगितली, दर वेळी थोडं मीठमसाला लावून. लोक चुकचुकायचे. भावजय मात्र पेटली.

"गार वाटावं म्हणून?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी? मी आणि पोरगी काय रस्त्यावर पडलो होतो?"

तिने त्याचं सगळं केलं. पट्ट्या बदलल्या, कुशी बदलल्या, चमच्याने भरवलं. पण पूर्वी दोघं संध्याकाळी पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचे, तसं ती त्याच्याजवळ पुन्हा बसली नाही. काम झालं की आत निघून जायची. तो दाराकडे बघत राहायचा. अधू डोळ्यांना काय दिसत असेल ते असो.

एका दुपारी मी ठरवून गेले. म्हटलं, आज हिला सांगायचंच. शर्ट त्याच्या अंगावरच होता, आजाराचा दोष कापडाचा होता, आणि कापड माझं होतं. मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. ती पट्टी बदलून हात धुऊन आली आणि मी बोलणार, तोच तिने माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तुम्ही एवढा जीव ओतून शिवलंत आणि या माणसाने खिळ्याला टांगून ठेवलं. मला तुमच्याकडे बघायची लाज वाटते."

खाटेवरून भुऱ्या माझ्याकडे बघत होता. मान हलवायची ताकद नव्हती, तरी त्याने ती हलवली. नको, म्हणून.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "लहानपणापासून हट्टीच आहे तो. कुणाचं ऐकलंय कधी?"

त्याने डोळे मिटले. बरं वाटलं असावं त्याला. अकराव्या दिवशी तो गेला. त्या अकरा दिवसांतही ती त्याच्याजवळ बसली नाही, आणि ती बसली नाही ते माझ्यामुळे.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. त्याची मुलगी आता माझ्याकडेच शिवण शिकते. हात बापाचा आहे, कापडाला नुसतं बोट लावून घट्ट वीण कोणती आणि विरळ कोणती ते सांगते. तिची आई कधी तिला घ्यायला येते आणि बोलता बोलता विषय निघतोच. "तुझ्या बाबांनी आपला विचार केला नाही गं," ती म्हणते. पोर माझ्याकडे बघते. मी मशीनवर मान खाली घालून टीप मारत राहते.