सेकंदकाट्याचा सौदा

आमच्याकडं बैल घ्यायला एकट्या माणसाला पाठवत नाहीत. एक जण दात बघणारा लागतो, एक जण चालवून बघणारा, एक जण भांडणारा आणि एक जण भांडण सोडवणारा. यातला एक जरी कमी असला आणि पुढं बैल लंगडला, तर लोक बैलाचं काही विचारत नाहीत, "संगं कोण गेलतं?" एवढंच विचारतात. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि मनगटी घड्याळ घ्यायची वेळ आली, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न हाच निघाला. संगं कोण जाणार?

घड्याळ कसं हवं हे कॉलेजच्या मॅडमनी प्रवेशाच्या दिवशीच सांगून टाकलं होतं. वॉर्डात मोबाइल चालणार नाही. सोमवारी येताना हातात घड्याळ पाहिजे, आणि त्याला सेकंदकाटा पाहिजे, कारण नाडी त्याच्यावर मोजायची असते. ज्या मुलीच्या घड्याळाला सेकंदकाटा नसेल तिनं वॉर्डाच्या बाहेर उभं राहायचं. त्यांनी हे अगदी मऊ आवाजात सांगितलं, त्यामुळं ते जास्तच खरं वाटलं.

मी घरी सराव सुरू केला होता. गावच्या वाचनालयातली बाकीची पुस्तकं वाचून संपल्यामुळं प्रथमोपचाराचं एक पुस्तक माझ्या वाट्याला आलं होतं. त्यातली नाडी माणसाची होती, पण घरात फावल्या वेळी सापडणारी माणसं कमी आणि शेळ्या जास्त. शेळीची नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते आणि शेळीला ते मान्य नसतं. त्यात आमच्या भिंतीवरचं घड्याळ एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला घरोघर वाटलेलं. तबकडीवर पुढारी मोठे, आकडे बारीक. काळा सेकंदकाटा त्यांच्या काळ्या मिशीवर गेला की दिसेनासा व्हायचा आणि पलीकडून निघायचा. त्या मिशीत माझे बरेच ठोके गेले.

आईनं सहाशे रुपये दिले. त्यात बसेल ते घ्यायचं, आणि याच फेरीत घ्यायचं. वडील उसाच्या फडात अडकले होते, तोडणीची टोळी आली होती. तेव्हा माझ्यासोबत मोठे काका निघाले.

मोठे काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं आयुष्य बैलबाजारात गेलेलं. आमच्या भागात जनावराची किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हात हातात घेतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूच्या माणसाला फक्त टॉवेल हललेला दिसतो. या कामात काकांचं नाव होतं ते त्यांच्या चेहऱ्यामुळं. समोरच्यानं कितीही बोटं दाबली तरी त्यांच्या तोंडावरची माशीसुद्धा हलत नसे. किंमत पटली नाही की ते टॉवेल झटकून "चला" म्हणत आणि चालू लागत. आणि लोक त्यांना परत बोलावत. आजवर कुणी बोलावलं नाही असं झालेलं नव्हतं.

तिसरे आले ते आमच्या गावचे माजी सरपंच. काकांचे शाळेतले सोबती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांच्याकडं गाडी होती. गाडीच्या मागच्या काचेवर 'सरपंच' हा शब्द हातभर होता आणि त्याच्या खांद्यावर 'माजी' हा शब्द मुंगीएवढा बसला होता. सरपंचांच्या मनगटावर चौकोनी स्मार्ट वॉच होतं, कुठल्याशा सत्कारात मिळालेलं. त्यात दिवसभरात किती पावलं चाललो ते दिसतं असं ते सांगत. गावात सगळ्यांत जास्त पावलं त्यांची व्हायची, कारण भाषणात हातवारे केले की तेही धरले जायचे.

साखर कारखाने नुकतेच सुरू झाले होते. सिरसाळ्यापासून माजलगावापर्यंत आम्ही उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रांगत गेलो. वाटेत सरपंचांनी घड्याळाबद्दल आपलं मत मांडलं.

"घड्याळ टाइम बघायला असतं व्हय? टाइम तर मोबाइलात बी दिसतंय. घड्याळ दिसायला असतं."

"मला नाडी मोजायची आहे," मी म्हणाले.

"मोज की. पण सोनेरी घड्याळानं मोज. पेशंटला बी वाटलं पाहिजे, चांगल्या घरच्या पोरीनं हात धरलाय."

काकांनी होकाराची मान हलवली. मला भीती वाटली ती त्या मान हलवण्याची. घरातून नर्सिंगला जाणारी पहिली मुलगी म्हणून आदल्या आठवड्यात माझा गावात सत्कार झाला होता आणि तेव्हापासून काकांना माझ्याबाबतीत कुठलीही गोष्ट साधी चालेना.

दुकान बस स्टँडच्या अंगाला होतं. एका बाजूला घड्याळं, एका बाजूला चष्मे. दुकानदार डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात बघत होता. मला हवं होतं ते घड्याळ मला आत पाऊल टाकताच दिसलं. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, काळा पट्टा आणि लाल सेकंदकाटा. डब्यावर साडेसातशे लिहिलं होतं. त्याच्याच वर, कापडाच्या गादीवर, एक सोनेरी घड्याळ पहुडलं होतं. त्याला आकडे नव्हते, खडे होते. सेकंदकाटा तर नव्हताच. अठराशे.

"हे!" सरपंच सोनेरी घड्याळावर बोट ठेवून म्हणाले. "ह्याला म्हणतात घड्याळ."

काकांनी ते उचललं, उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला, कानाशी नेलं. मग दुकानदाराला विचारलं, "खोड काय हाय ह्याची?"

मला वाटलं, दुकानदार हसेल. तो मुळीच हसला नाही. "पाण्यात गेलं की बसतंय, काका."

"आन् मग उठतंय का?"

"न्हाई."

काकांनी ते खाली ठेवलं आणि माझं पांढरं घड्याळ उचललं. "आन् हे?"

"हे थोडं पाणी सोसतंय. गरीब हाय. खायला कमी, दोन वर्षांत एक सेल."

सरपंचांना हे बोलणं भलत्या बाजूला चाललेलं दिसलं. "नाडीच बघायची ना? मग कशाला पायजे काटाबिटा? हे बघ." त्यांनी आपलं मनगट माझ्या नाकासमोर धरलं. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि आकडा आला. अठ्ठ्याहत्तर. "आपोआप! मोजायची गरजच न्हाई. असलं घे."

दुकानदार म्हणाला, "बघू का जरा?" आणि सरपंचांच्या हातातून ते सोडवून घेतलं. त्यानं ते शांतपणे आपल्या लाकडी स्टुलाच्या पायाला बांधलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. आम्ही चौघं वाकून बघत होतो.

ब्याऐंशी.

"स्टुलाची तब्येत चांगली हाय," दुकानदार म्हणाला.

मला ओढणी तोंडात कोंबावी लागली. काकांनी एकदा स्टुलाकडं आणि एकदा सरपंचांकडं पाहिलं. "तुझ्यापेक्षा चार जास्तच हायत की बे."

सरपंचांनी स्टुलावर बोटानं टकटक करून पाहिली. मग म्हणाले, "सागवानी असंल. सागवान लई दिवस जितं राहतंय."

हे त्यांनी इतकं गंभीरपणे सांगितलं की दुकानदाराचं भिंग डोळ्यावरून गळून काउंटरवर पडलं. या एका उत्तरासाठी मी त्यांना पुढची सगळी भाषणं माफ केली आहेत.

सोनेरी घड्याळाचा विषय तिथं संपला. काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि काउंटरवर पसरला.

"काका, किंमत डब्यावर छापलेली हाय," दुकानदार म्हणाला.

"ती डब्याची असंल. आमाला डबा नगं."

दुकानदारानं टॉवेलाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याचे आजोबा बैलांच्या घुंगुरमाळा घेऊन बाजारोबाजार फिरायचे, असं त्यानं मागाहून सांगितलं. त्यानं दुकानाची पाटी उलटी केली, बाही सारली आणि हात टॉवेलाखाली घातला. सरपंच वाकून बघायला लागले.

"बघू नको बे," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "तू घड्याळ हातात घाल आन् माझ्या ह्या हाताची नाडी बघ. चालवून बघितल्याबिगर घ्यायचं न्हाई."

मी घड्याळ बांधलं आणि त्यांचा डावा हात धरला. मिशी नाही, पुढारी नाही. लाल काटा पांढऱ्यावरून स्वच्छ चालला होता. काकांची नाडी लगेच सापडली. रुंद, सावकाश, रिकाम्या गाडीला जुंपलेल्या बैलासारखी. काकांचा चेहरा दगडाचा.

टॉवेल हलला. नाडी तशीच. पुन्हा हलला, या वेळी दुकानदाराच्या बाजूनं. आणि माझ्या बोटांखाली एकदम धावपळ उडाली. मी वर पाहिलं. काका समोरच्या चष्म्यांच्या जाहिरातीकडं बघत होते, जसं काही त्यांना या दुकानात कुणी ओळखतच नाही. चेहरा बाजारात उभा आणि नाडी पोळ्याच्या मिरवणुकीत! एवढ्या वर्षांचा तो प्रसिद्ध चेहरा, आणि आत हे असं चाललेलं असायचं! मला हसू आवरेना. दर वेळी टॉवेल दुकानदाराच्या बाजूनं हलला की नाडी उसळायची, आणि काकांच्या बाजूनं हलला की खाली यायची. मी माझ्या परीनं गप्प होते.

मग काकांनी टॉवेल झटकला. "चला."

मला ठाऊक होतं की हे 'चला' म्हणजे 'थांबवा'. पण दुकानदार थांबवत नव्हता. काका एक पाऊल गेले, दोन गेले, दारापाशी पोचले. मागून आवाज आला नाही. ते दारात उभे राहिले आणि रस्त्याकडं बघू लागले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. सोमवारी वॉर्डाच्या बाहेर कुठल्या भिंतीला टेकून उभं राहायचं, याचा मी विचार करू लागले होते.

"बोलव की त्याला!" सरपंच दुकानदाराला कुजबुजले. "कवाचा उभा हाय त्यो."

दुकानदार भिंग पुसत राहिला.

शेवटी काका स्वतःच वळले. "घड्याळ पोरीच्या हातात हाय," ते रागानं म्हणाले, "आन् कुणी मागायला बी तयार न्हाई. असं दुकान असतंय व्हय?" आणि परत आत आले.

"काका," दुकानदार हात जोडून म्हणाला, "तुमच्या तोंडाकडं बघून मी हरलोच असतो. पण मी तिकडं बघतच नव्हतो. तुमची पोरगी सगळं सांगायली."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या दोन्ही भुवया अजून वरच होत्या. आणि मग मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं: तो दगड हळूहळू फुटला, आधी मिशीपाशी, मग डोळ्यांपाशी, आणि काका काउंटर धरून हसायला लागले. सरपंच स्टुलावर बसले, पुन्हा उठले. दुकानदाराच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं.

"तू भिंतीकडं तोंड कर," काका मला म्हणाले, आणि टॉवेल परत पसरला.

मी भिंतीकडं तोंड केलं. तिथली सगळी घड्याळं आपापली वेळ दाखवत होती आणि एकही दुसऱ्याशी सहमत नव्हतं. काकांचा डावा हात मात्र मी पुन्हा धरला होता. टॉवेल हलला असेल, मला दिसला नाही. बोटांखाली नाडी एकदा उसळली, थोडी थांबल्यासारखी झाली, आणि मग ओझं उतरलेल्या बैलासारखी सावकाश चालू लागली. कुणी काही बोलायच्या आत मला कळलं की घड्याळ माझं झालं.

कितीला झालं, ते आजतागायत कळलेलं नाही. आईचे सहाशे काकांनी घेतले होते, वर त्यांचे किती गेले किंवा मागं किती उरले ते टॉवेलाखालीच राहिलं. आईनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जनावर चांगलं हाय," आणि हात धुवायला गेले.

येताना गाडीत मात्र त्यांनी मला फैलावर घेतलं. "आजारी माणूस आदी तुझ्या तोंडाकडं बघंल. नाडी काय बी सांगू दे, तोंड बाजारातल्यावानी ठेवायचं. बघ, पुन्ना बघ माझी." त्यांनी पुढच्या सीटवरून हात मागं केला. मी मोजायला लागले की त्यांचा दारातला चेहरा आठवायचा आणि माझं तोंड सुटायचं. "हे तोंड पेशंटला मारून टाकंल," काका म्हणाले. दोन-तीनदा असं झालं.

पुढं उसाची ट्रॉली खड्ड्यात अडकली आणि गाडी थांबली. सरपंचांनी स्टिअरिंगवरचा डावा हात सोडून मागं धरला. त्यांचं स्मार्ट वॉच खिशात गेलं होतं. "माझी बी बघ. त्या स्टुलापेक्षा जास्त हाय का कमी?"

मी त्यांचा हात धरला. दात घट्ट आवळले. लाल काटा बारावरून निघाला, मी त्याच्याकडंच बघत राहिले, आणि माझ्या तोंडावर काही म्हणजे काही येऊ दिलं नाही. सरपंच आरशातून मला बघत होते. काटा अर्ध्यावर आला.

"किती?" ते म्हणाले.

मी बोलले नाही.

"अगं किती हाय? काई झालंय का? बोल की!"

मी बोलले नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "जमलं बे! जमलं पोरीला!"

तोपर्यंत सरपंचांची नाडी खरोखरच पळायला लागली होती. मला ती पहिल्यापासून मोजावी लागली.