एका हाताचा चुडा

"हात सैल सोड. तुजा न्हाई, माजा हाय असं समज."

भोरच्या बाजारपेठेत जिनं एकदा तरी काचेच्या बांगड्या भरल्या, तिनं हे वाक्य ऐकलेलं असणारच. अंगठा आत वळवून, हाताचा पंजा दाबून ती बांगडीवाली बांगडी कधी मनगटावर उतरवायची ते कळायचंसुद्धा नाही. तोंडानं सारखी बोलत असायची. तुम्ही तिच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचात आणि तेवढ्यात बांगडी आत गेलेली असायची.

सगळा गाव तिला चाची म्हणायचा. माझं ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान तिच्या दुकानाला लागून, मधे एकच भिंत, त्यामुळे तिचा राग मी फार जवळून पाहिलेला आहे. इतर लोक राग गिळतात किंवा ओकतात. चाची राग मुरवायची, लोणच्यासारखा.

पासली, विंझरकडच्या गावांना ती बांगड्यांचं बोचकं घेऊन जायची. एकदा एका वडापवाल्यानं ते बोचकं बघून जीप थांबवलीच नाही, आणि चाचीला भर उन्हात पुढच्या फाट्यापर्यंत चालावं लागलं. वर्षभरानं त्याची बायको दुकानात आली. चाचीनं तिला झकास बांगड्या भरल्या आणि म्हणाली, "आता घरला चालत जा. नवऱ्याला सांग, चाचीनं चालवलं." आणि ती बाई खरंच चालत गेली! चाचीपुढं नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तिची एकुलती लेक नसीम. हायवेकडच्या एका वस्तीत तिला दिली होती. पोरगी गोरीपान, अबोल, कामाला वाघ. मुलगी झाली आणि दोनेक वर्षांत सासरच्यांनी नसीमला माहेरी आणून सोडलं, लेकरू मात्र ठेवून घेतलं. म्हणे हिच्या डोक्यात फरक आहे. प्रकरण कोर्टात गेलं. त्यांनी शहरातला एक डॉक्टर उभा केला. त्यानं नसीमला धड अर्धा ताससुद्धा पाहिलं नव्हतं. ही बाई एकटीच बोलत बसते, हिच्या ताब्यात मूल देणं धोक्याचं, असं तो सांगून गेला. आणि त्याला दुजोरा द्यायला कोण गेलं, तर आमच्याच गल्लीतल्या गिरणीवाल्या काकी. वकिलानं विचारलं, पोरगी लग्नाआधीपासून एकटी बोलायची का? काकी म्हणाल्या, व्हय.

आता मी तुम्हाला सांगते नसीम काय बोलायची ते. बांगड्यांचा माल आला की सगळी मापं एकत्र असतात. ती वेगळी करून दोऱ्यात ओवायची. ओवताना नसीम पुटपुटायची, "दोन-चार, दोन-चार, दोन-सहा." तिची आई असंच करायची, आजीही करायची. बांगडीवाल्यांच्या घरात तोंडानं माप म्हटल्याशिवाय हात चालत नाही. भिंतीपलीकडून मला दिवसभर ते ऐकू यायचं.

पण निकाल विरुद्ध लागला आणि नात हातची गेली. त्यानंतर नसीमनं मापं म्हणणं बंद केलं. ओठ घट्ट मिटून ओवायची आणि चुका करायची. चाची त्या चुका गुपचूप दुरुस्त करायची. गिरणीवरून मात्र ती पुन्हा कधी गेली नाही, दळणासाठी लांबचा वळसा घालून दुसऱ्या गिरणीत जायची.

अशी वर्षं गेली. नात तिकडे वाढली, कॉलेजात गेली. ईदला फोनवर नानीशी बोलायची, पण शेजारी कुणीतरी ऐकत असायचं. अम्मीचं नाव काढलं तर फोनच बंद होईल, म्हणून चाचीनं ते कधी काढलं नाही. अभ्यास कर, पोटभर जेव, एवढंच बोलायची.

आणि मग ती नटाची केस आली. तुम्हाला आठवत असेलच, आपण सगळ्यांनीच ती चवीनं पाहिली. नवरा सिनेमातला मोठा हिरो, बायको टीव्हीवरची. ती म्हणाली मारतो, तो म्हणाला बदनामी करते. त्याच्या बाजूनं एक मानसतज्ज्ञ बाई साक्षीला आल्या आणि त्या कोर्टात काय म्हणाल्या ते चॅनलवाल्यांनी ढोल बडवून सांगितलं. तिच्या स्वभावातच विकार आहे, ती लक्ष वेधून घेते, हसता हसता रडते, एकटी असली की स्वतःशी बोलते.

झालं! भोरच्या बाजारात दुसऱ्या दिवशी सकाळी घरटी एक मानसतज्ज्ञ तयार झाला. चहावाला म्हणाला, माझ्या बायकोला हाच विकार आहे. कोपऱ्यावरचे पेन्शनर म्हणाले, सुनेला आहे. एकीनं भाजीत मीठ जास्त घातलं तर घरचे म्हणाले, लक्ष वेधून घेते. जो तो मोबाईल पुढे करून ती क्लिप दाखवायचा आणि हसायचा. पुढं बायकोच्या बाजूनं दुसरी डॉक्टर उभी राहिली, म्हणाली, पहिलीनं नीट तपासलंच नाही. तर बाजार म्हणाला, ही विकत घेतलेली आहे.

"आन पयली काय फुकट आलीवती?" चाची भिंतीपलीकडून ओरडली.

त्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात आली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. नातीला नुकताच स्वतःचा फोन मिळाला होता. तिनं नानीला तीच क्लिप पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'नानी, अम्मीला पण हेच आहे का?'

चाचीला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"माजी नात आईला येडी समजती," ती म्हणाली. "आन म्या न्हाई म्हनले तर ती इस्वास ठिवंल का? म्या आईची आई. ज्या तोंडानं व्हय म्हनलं, त्याच तोंडानं न्हाई म्हनाय पायजे."

त्या दिवसापासून दुकानात बसून जी बाई त्या नटीला हसली, तिला चाची एक नंबर लहान बांगडी घालू लागली. "आई गं!" बाई कळवळायची. "काय झालं? हस की," चाची म्हणायची. पलीकडे मी तोंडावर अस्तराचा तागा धरून हसत असे. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

आणि दिवाळीच्या आधी गिरणीवाल्या काकींच्या मुलीचं लग्न ठरलं. स्थळ विंझरचं, तारीख तुळशीच्या लग्नानंतरची. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हिरवा चुडा भरतात. दोन्ही हात भरल्याशिवाय नवरीनं पाटावरून उठायचं नाही, आणि भरणाऱ्याला नमस्कार करायचा. चाचीच्या हातची बांगडी नवरीच्या हातात कधी वाढली नाही अशी तिची ख्याती. वाढली म्हणजे फुटली, पण तो शब्द चुडा भरताना उच्चारायचा नाही. मुलाकडच्यांनीही चाचीचंच नाव घेतलं. काकींना वाटलं, एवढी वर्षं झाली, विसरली असेल. त्या बोलवायला आल्या आणि चाची पटकन हो म्हणाली.

"तुम्ही जाणार?" मी विचारलं.

"जानार की. नवरीचा काय गुना? तू बी चल पोरी, बोचकं धराय."

गिरणीमागच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. दोघीतिघी मोबाईलवर शूटिंग करत होत्या. चाचीनं नवरीचा उजवा हात घेतला. इतक्या मायेनं तिला बांगड्या भरताना मी कधी पाहिलं नव्हतं. पोरीच्या कपाळाला आठी पडली नाही. उजवा हात हिरवागार झाला. सगळ्या वा वा म्हणाल्या. मग चाचीनं बोचक्याची गाठ मारली आणि हात मांडीवर ठेवले.

"डावा ऱ्हायला की चाची," कुणीतरी म्हणालं.

"डावा हिच्या आयनं बोलल्यावर." तिनं काकींकडे पाहिलं. "मोबाईल बंद करू नगा गं. डाक्टरनीची क्लिप गावभर फिरली, आता हिची फिरू द्या."

एका हाताचा चुडा घेऊन नवरी कुठं उठणार? काकी पुढं झाल्या.

"चाची, लगनाच्या घरात ह्ये काय…"

"माज्या पोरीचं बी घरच व्हतं. कोरटात काय सांगितलंस?"

"म्या काय वाईट सांगितलं? वकिलानं इचारलं, एकटी बोलती का? म्या व्हय म्हनले."

"काय बोलती, ते?"

"ते न्हाई इचारलं त्यांनी."

"म्या इचारते. काय बोलत व्हती?"

काकी पदराचं टोक पिळत राहिल्या. नवरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. शेवटी तीच म्हणाली, "सांग की गं आई."

"मापं," काकी म्हणाल्या. "बांगड्यांची मापं म्हनायची. माळा ववताना."

"तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय." काकी भिंतीला टेकून खाली बसल्या. "तिच्या सासरच्यांनी गाडी पाठवली व्हती मला न्यायला. जज्जसायब माज्याकडं बगत व्हते. आजवर कुनी माजं म्हननं लिवून घेतलं न्हवतं चाची. म्या जेवडं इचारलं तेवडंच बोलले आन गप बसले."

मला वाटलं, चाची आता तिच्या झिंज्या धरणार. चाचीनं बोचकं पुन्हा सोडलं आणि डावा हात भरला, उजव्याइतकाच छान. नवरीनं वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. काकीही वाकल्या, तेव्हा मात्र चाचीनं पाय आखडून घेतले.

क्लिप त्याच संध्याकाळी गावभर झाली. आणि काय सांगू तुम्हाला, आठवड्याच्या आत बाजारानं निदानही करून टाकलं. गिरणीवाल्या काकींना विकार आहे, लक्ष वेधून घ्यायचा! जे नटीला हसले होते तेच आता काकींना हसत होते. गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीत जाऊ लागलं. चाचीला हे मी सांगितलं.

"हसू दे," ती म्हणाली. "माज्या पोरीला हसत व्हते तवा ही दळत बसलीवती. आता बसू दे गिरनी बंद करून."

पण तिचं सगळं लक्ष मोबाईलकडे होतं. क्लिप नातीला मीच पाठवून दिली होती. तिनं ती पाहिल्याची खूण आली. उत्तर काही आलं नाही. पंधरवडा गेला. रोज दुकान उघडल्यावर चाची आधी माझ्याकडे यायची आणि मोबाईल पुढे करायची. मी मान हलवायची.

एके दिवशी आवाजाचा निरोप आला. आम्ही दोघींनी मिळून ऐकला. "नानी, काकींना माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. मग मला कुणीच का सांगितलं नाही? ईदला मी फोन करायचे तेव्हा तुम्ही मला फक्त जेवलीस का विचारायचात."

मी म्हटलं, "चाची, तुम्ही तिला समजावून सांगा. फोन तोडतील अशी भीती होती म्हणावं."

"काय सांगू? बरोबर बोलली ती." चाचीनं मोबाईल पदरात गुंडाळला. "माजंच रगत हाय. सोडनार न्हाई मला."

त्यानंतर ती कुणाला लहान बांगडी घालताना दिसली नाही. थंडी वाढली आणि एका सकाळी चाची उठलीच नाही.

आम्ही बायका तिच्या घरी जमलो. गिरणीवाल्या काकीही आल्या, कडेला उभ्या राहिल्या, त्यांना कुणी जा म्हटलं नाही. जनाजा उचलायच्या थोडा आधी एक कॉलेजातली मुलगी डोक्यावर ओढणी घेऊन धावत आत शिरली. नानीच्या चेहऱ्याजवळ बसली आणि बघत राहिली. मग पुरुष चाचीला घेऊन गेले.

नसीम कोपऱ्यात बसलेली होती. रडत नव्हती. नुसती समोर बघत होती. आणि आमच्यातल्याच दोघी कुजबुजायला लागल्या. "डोळ्यात टिपूस न्हाई बग." "आधीचंच हाय की तिचं. डाक्टरला दाकवाय पायजे." नसीमची लेक तिथंच आहे, ऐकते आहे, याचं कुणाला भान नव्हतं.

ती उठली. चाचीसारखेच खांदे, तसंच ताठ चालणं. दारात येऊन उभी राहिली.

"नानीला बघून झालं ना तुमचं?" ती म्हणाली. "आता माझ्या अम्मीला बघू नका. जा सगळ्या."

एक म्हातारी म्हणाली, "अगं पोरी, आमी काय परक्या हाय का?"

आम्ही चपला शोधत उंबऱ्याबाहेर होतो न होतो तोच मुलीनं दार लावलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

मग नसीमचा हंबरडा ऐकू आला, इतक्या वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. आणि त्याच्याबरोबर पोरीचा. आम्ही सगळ्या कान देऊन तिथंच उभ्या होतो. मी गिरणीवाल्या काकींचा दंड धरला आणि म्हटलं, "चला इथून."