"नवीन आहे ती"

ब्रेक ऐन वेळी लागावेत म्हणून ट्रकमध्ये एक कंट्रोल युनिट असतं. बाजारात न आलेल्या ट्रकांच्या युनिटांत नवं सॉफ्टवेअर भरायचं काम टागे लिंडमार्कचं. दर हिवाळ्यात उत्तर स्वीडनमधल्या गोठलेल्या तळ्यावर चाचण्या चालत, आणि तिथे टागेच्या शब्दाला वजन होतं. नव्या माणसाला तो बजावायचा, "आधी ट्रकला चार्जर लाव. मध्येच बॅटरी बसली की युनिट मेलंच समज."

त्या सकाळी शेडमध्येही श्वासाची वाफ दिसत होती. टागेने सॉफ्टवेअर भरायला लावलं आणि केबिनमध्ये बसलेल्या इल्वाला म्हणाला, "लॅपटॉपच्या पडद्यावर लक्ष ठेव. मी कॉफी आणतो." इल्वा पूर्वी बस डेपोत मेकॅनिक होती. दोन मुलांना नवऱ्यापाशी ठेवून ती पहिल्यांदाच चाचणीला आली होती.

टागे परतला तोवर युनिट मेलेलं. दुसरं जवळ नव्हतं, म्हणजे सगळी चाचणीच ठप्प. मुख्य असलेला बिर्गर लालबुंद होऊन आला.

"आत कोण होतं?"

"मी," इल्वा म्हणाली.

"लॅपटॉपची केबल ओढलीस?"

"नाही. म्हणजे... मला तरी नाही वाटत."

टागेची नजर भिंतीकडे गेली. चार्जर खुंटीवर तसाच गुंडाळलेला होता. बोलायला हवं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे रे, नवीन आहे ती."

त्यावर इल्वाने त्याच्याकडे पाहून मान डोलावली. ते आभार होते असं त्याने मानून घेतलं.

तिला ब्रेकच्या कामावरून काढून सेन्सरांवरचा बर्फ पुसायला लावलं. जेवताना कुणीतरी म्हणालं, "इल्वा, कॉफी मशीनला हात लावू नकोस हं, तेही मरेल!" सगळे हसले. टागेही हसला, आणि ताटातलं रेनडिअरचं मांस तसंच ठेवून उठला.

दुसरं युनिट विमानाने आलं त्या दिवशी भर जेवणात तो उभा राहिला. "चूक माझी होती. चार्जर मी लावलाच नव्हता."

"आणि इतके दिवस तोंड शिवून बसलास?" बिर्गर म्हणाला. टागे जॅकेट उचलून बाहेर पडला.

इल्वा बाहेर ट्रकपाशी होती. तो तिच्याजवळ गेला. "माफ कर मला."

"बिर्गर ओरडत होता तेव्हा तू भिंतीकडे बघितलंस. मीही बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते, तर तू हो म्हणाला असतास?"

टागे वळून शेडकडे निघाला.

इल्वाला ब्रेकचं काम परत मिळालं, पण तिने दुसरा जोडीदार मागून घेतला. नवं युनिट टागेने एकट्याने भरलं. पलीकडच्या ट्रकपाशी ती कशावर तरी खळखळून हसत होती. तो लॅपटॉप घेऊन शेजारून गेला तेव्हा ती हसायची थांबली, सभ्यपणे नुसतं नमस्काराचं "हेय" म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.