सोहारला आलेली मतपत्रिका

पाकिटाच्या डिंकाचा वास आला की मला ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यातलं ते गार ऑफिस आठवतं आणि डोकं फिरतं. २०१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेत संसदेच्या आणि आपल्याकडे विधानसभेच्या, अशा दोन्हीकडे निवडणुका होत्या. शेजारच्या टेबलावरचा अमेरिकन इंजिनियर टपालाने आलेली मतपत्रिका भरून पाकीट जिभेने चिकटवत होता. "पूर्वी आमच्याकडे अध्यक्ष बदलला की गावचा पोस्टमास्तरही बदलायचा, जिंकलेल्या पक्षाचा माणूस बसायचा," तो म्हणाला. "मग सरकारी नोकरीसाठी परीक्षा आल्या. आता निवडणूक कचेरीतला कारकून मला ओळखत नाही, पण मतपत्रिका न चुकता पाठवतो." मी सांगितलं की आम्हाला मत द्यायला गावीच जावं लागतं, आणि मी रजाही टाकली आहे. त्याच दुपारी रत्नागिरीहून वडिलांचा फोन आला. "येऊ नकोस रे, यादीत तुझं नाव नाही." झालं होतं असं, की मतदारयादी तपासायला शाळेतले गुरुजी घरी आले, आणि वडिलांनी चहा पुढे करत मोठ्या अभिमानाने सांगितलं, "पोरगा ओमानला सेटल झालाय!" गावात राहत नाही म्हणून गुरुजींनी नियमाप्रमाणे नाव खोडलं. मी तिकीट रद्द केलं. आजही चीड येते ती एवढ्याचीच, की पहिलीत माझा हात धरून ते नाव पाटीवर गिरवून घेतलं होतं, ते याच गुरुजींनी.