पूजेतले सहा प्लग

माझ्या आवाजाची तक्रार माहेरीही होती आणि सासरीही. "हिच्यापुढं जिनिंगचा भोंगा काय लागते!" असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पण त्या वर्षी एवढा आवाज असून माझ्या काही कामाचा नव्हता. नवऱ्याला ऐकू येईनासं झालं होतं, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही खामगावात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत राहत होतो. आमचे हे मोटारींचे मिस्त्री. सगळे उस्ताद म्हणायचे. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच हे आवाजावरून सांगायचे, हिचं बेअरिंग गेलं, हिचं टायमिंग मागं पडलं. त्या पावसाळ्यात यांचे दोन्ही कान फुटले. वाहू लागले. लसणाचं तेल घातलं, दवाखाना केला. वाहणं थांबलं आणि त्याबरोबर ऐकू येणंही गेलं. अगदी ठार नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर समजायचं, बाकीचं समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. यांना, मला आणि सासूबाईंना.

जिनिंगच्या शेठजींकडे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातली एक जुनी पिकप होती. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. बोथ्याच्या घाटात तापून तापून ते एक दिवस जाम झालं. शेठजी यांना म्हणाले, "उस्ताद, दसऱ्याले मले ही गाडी चालू पाह्यजे. भरल्या मालानं घाट चढली, त जिनिंगच्या साऱ्या गाड्या तुमच्या हाती. नाही त मी दुसरा मिस्त्री पाहीन."

दुसरा मिस्त्री म्हणजे जिनिंगच्या मुनीमजींचा भाचा, हे सांगायला जोतिषी नको होता. मुनीमजींनी नुसत्या संशयावरून शेठजींच्या कानावर घातलंही होतं की उस्तादाले आताशा ऐकू येत नाही. बहिऱ्या मिस्त्रीच्या हाती कोण गाडी देतो? हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "नाही जमलं त जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलीन." मी ताट पुढं सरकवलं आणि उठले. मला भीती वाटली की आधी राग येतो.

इंजिन आमच्या अंगणात उतरवलं. तिकडं जिनिंगमध्ये काम केलं तर माणसं येऊन काहीबाही विचारणार, आणि हे भलतंच उत्तर देणार. सिलिंडर अकोल्याहून बोअर करून आणले, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या. क्रँकच्या दांड्याला हे शेंदूर लावायचे, बेअरिंगं बसवून फिरवायचे, परत उघडायचे. बेअरिंगला जिथं शेंदूर लागला तो उंचवटा खरवडायचे. पुन्हा शेंदूर, पुन्हा खरवडणं. सासूबाई म्हणायच्या, "मारोतीले नाही एवढा शेंदूर या लोखंडाले!" व्हॉल्व्ह घासायचं काम माझ्याकडं होतं. काठीला रबराची वाटी असते, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, खाली दाणेदार मलम लावायचं आणि काठी दोन्ही तळहातांत घेऊन ताकाच्या रवीसारखी फिरवायची. माझे तळवे सोलवटून निघाले. पण काम असं केलं की यांनी व्हॉल्व्हवर रॉकेल ओतून पाहिलं तर एक थेंब खाली झिरपला नाही. "अवं, तुले मिस्त्रीच कराले पाह्यजे होतं," हे म्हणाले.

खरी अडचण पुढं होती. इंजिन नुसतं जोडून होत नाही, त्याला सुरात आणावं लागतं, आणि ते काम कानाचं. हे पेचकसाची लाकडी मूठ दातांत धरून टोक इंजिनला टेकवायचे. हाडांतून थोडं कळायचं. टॅपेट खडखडतात का, एवढं. सगळा सूर मात्र कळायचा नाही. शिवाय चार माणसांत मूठ दातांत धरली की झालंच!

मग आम्ही आमची रीत काढली. इंजिन चालू करून हे ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवायचे, आणि मी मागं उभी राहून त्यांच्या पाठीवर बोटं वाजवायची. सहा ठोके सरळ, म्हणजे सहाही सिलिंडर बोलताहेत. घाईघाईचे ठोके म्हणजे टायमिंग फार पुढं गेलं. पाच देऊन थांबले, म्हणजे एक मुका आहे. सुरुवातीला मला ओ की ठो कळायचं नाही. सगळा एकच गडगडाट! हे चिडायचे, मी त्यांच्याहून चिडायची. "काऊन वं, झोपली का?" असं हे ओरडायचे, आणि मी त्यांच्या पाठीत बुक्की घालायची. तिचा अर्थ त्यांना बरोबर समजायचा. हळूहळू कान बसला. आठवडाभर इंजिन रिकामं चालवून रुळवलं, आणि शेवटी एके सकाळी ते असं गोड चाललं की माझे ठोके आपोआप सरळ पडले. मग ते जिनिंगमध्ये नेऊन पिकपमध्ये बसवलं.

खंडेनवमीला घरातली अवजारं पुजतात. त्या दिवशी त्यांना कामासाठी हात लावायचा नाही. यांनी पाने, पेचकस, हातोडे पुसून पाटावर मांडले, आणि इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग साफ करायला काढून आणलेच होते म्हणून तेही सहाच्या सहा ओळीनं ठेवले. सासूबाईंनी पूजा मन लावून केली. मुलाचे कान गेलेले, मुलाचं काम जाऊ नये म्हणून त्या देवाशी बोलत होत्या, आणि बोलता बोलता एकेका प्लगच्या तोंडाला ओलं हळदकुंकू, वर अक्षता. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी प्लग पुसायला फडकं घेतलं तर सासूबाईंनी हातच धरला. "कुकू पुसतं का रे कोनी? सनासुदीचं!" ओठांवरून यांना कळलं. यांनी आईसमोर प्लग नुसते फुंकले, आणि शेठजींचं बोलावणं आलं म्हणून आवारात जाऊन घाईत तसेच बसवले.

जिनिंगच्या आवारात दसऱ्याची पूजा होती. सगळ्या गाड्यांना झेंडूच्या माळा. मागं पिकपमध्ये सरकीची पोती भरून ठेवलेली. मी आणि सासूबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या होतो. यांनी इंजिन सुरू केलं, आणि शेठजींनी लगेच यांना दंडाला धरून नारळ फोडायला पुढं नेलं. इंजिनला हात लावून पाहायचीही उसंत दिली नाही.

मी कान दिला, ताटाखाली बोटांनी ठोके मोजले. एक सिलिंडर मुका होता.

शेठजींनी ऐकलं होतं. मुनीमजींनीही ऐकलं होतं. यांनी नारळ फोडला, हात पुसले आणि हसत उभे राहिले. मुनीमजींनी शेठजींकडं बघितलं. शेठजी यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाले, "काय उस्ताद, कशी बोलते गाडी?"

ही परीक्षा होती. आवारातल्या सगळ्यांना ते कळलं, यांना सोडून. हे हसत तोंड उघडणार, "एकदम झ्याक" म्हणणार, आणि संपलं. ओरडून सांगावं तर सगळ्या जगाला कळतं. पाठीमागं जाऊन पाठीवर बोटं वाजवावी, तर भर आवारात बाई असं करते का? देवा, काय करू!

मी ताट सासूबाईंच्या हातात कोंबलं. "अगं बाई, पाया पडाचं राह्यलंच की!" असं मोठ्यानं म्हणाले आणि यांच्या पुढ्यात वाकले. कुणीतरी हसलं, "उस्ताद, आधी आशीर्वाद द्या, गाडीचं मंग पाहू!" मी यांच्या पायावर बोटं ठेवली. पाच ठोके, आणि थांबले. पुन्हा पाच, आणि थांबले. यांच्या पायाचा अंगठा आखडला. यांचा हात माझ्या डोक्यावर आला, क्षणभर तिथंच राहिला.

मग हे शेठजींना म्हणाले, "बोलते शेठजी, पन पाचच बोलून राह्यले. एक मुका बसला."

मुनीमजींचा चेहरा उतरला. यांनी बॉनेट उघडलं, एक हात मडगार्डवर ठेवला आणि दुसऱ्यानं एकेक प्लगची वायर उपटून परत लावत गेले. वायर काढली की इंजिन अडखळायचं, हाताखाली हादरा बदलायचा. चौथ्याची काढली तर काहीच बदललं नाही. इंजिन बंद करून यांनी तो प्लग फडक्यात धरून काढला. त्याच्या दोन टोकांच्या फटीत कुंकवानं लाल झालेली तांदळाची कणी घट्ट बसली होती.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. घरी एरवी मी त्यांना सोडलं नसतं, पण त्या वेळी मला त्यांची दयाच आली.

"हे काय आहे?" मुनीमजींनी विचारलं.

"खंडेनवमीची अक्षत," हे म्हणाले. त्यांनी आईकडं पाहिलं, कणी नखानं काढली आणि आपल्याच डोक्यावर टाकली. प्लग स्वच्छ पुसला, आईसमोरच, आणि बसवला. इंजिन सुरू झालं. सहाही. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी उगाच माळ नीट करू लागले.

शेठजी मोठ्यानं हसले. "काय मुनीमजी, कोन म्हणे ऐकू येत नाही? एवढ्या गलबल्यात एक मुका वयखला! असा कान साऱ्या वऱ्हाडात नाही." हे तेव्हा बॉनेटमध्ये डोकं घालून होते. शेठजींचे ओठ यांना दिसलेच नाहीत. सगळे का हसले म्हणून यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला तिथं काहीच सांगता येईना.

"जा, घाट चढून या," शेठजी म्हणाले. "घरच्या लक्ष्मीलेबी न्या, सन आहे."

बोथ्याचा घाट लागला. पोती मागं, चढ पुढं, आणि प्रत्येक वळणावर मी जीव कानात आणून ऐकत होते. यांनी खालचा गिअर टाकला. इंजिन दणदणत होतं. एक ठोका चुकला असता तर मला तिथंच उतरून पळावंसं वाटलं असतं. शेवटचं वळण आलं, गेलं, आणि रस्ता सपाट झाला. चढलो!

चालत्या पिकपमध्ये एक बरं असतं. तिथं सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागतं. बहिरा आणि ऐकणारा, दोघं सारखेच.

"शेठजी काय म्हणे?" यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी गेले आणि माझा तो बदनाम आवाज सगळा सोडला. "म्हणे, असा कान साऱ्या वऱ्हाडात नाही!"

"कोनाचा?"

"तुमचा! आनखी कोनाचा!"

 यांनी डावा हात गिअरवरून उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि बोटं वाजवली. पाच ठोके दिले, आणि थांबले.

मी वाट पाहिली. हे काही पुढचा देईनात.

सहावा मी दिला.