सतराव्या मजल्यावरचा मिस्ड कॉल

अंबिकाला दार लावायची सवयच नव्हती. देवगडहून लग्न होऊन ती लालबागच्या चाळीत आली, आणि तिथे भरदिवसा दार बंद दिसलं म्हणजे आत कुणीतरी आजारी आहे नाहीतर नवराबायकोचं वाजलंय, एवढाच अर्थ. तिची ओवी रांगायला लागली ती थेट गॅलरीत. पोर पडली की जवळ असेल तो उचलायचा, आणि जेवली नाही म्हणाली की कुणीतरी भरवूनच परत पाठवायचं. ‘माझी पोरगी माझ्याकडे नुसती झोपायला येते,’ असं अंबिका तेव्हा कुरकुरायची. आता त्याच गॅलरीची आठवण काढत बसते.

चाळ पाडली. भाड्याच्या खोल्यांत दिवस निघाले, धाकटा मनू तिथेच झाला, आणि एकदाची करी रोडच्या टॉवरमधल्या घराची चावी हातात पडली. पितृपक्षात नव्या घरात कोण पाऊल टाकतो? म्हणून घटस्थापनेचा मुहूर्त धरला. सोडतीत सतरावा मजला आला. नवरा हितेंद्र पेढे वाटत सुटला. अंबिकानेही वाटले, पण सोडतीने सगळी चाळ पत्त्यांसारखी पिसून टाकली होती. शेजारच्या खोलीतल्या रमाबाई पार दुसऱ्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावर गेल्या. हिच्या मजल्यावर दोन दारांना कुलूप, आणि समोर मृणालिनी नावाची भाडेकरू. कानाला हेडफोन लावून दिवसभर घरूनच काम करणारी.

तरी अंबिका दार उघडंच ठेवायची. तिसऱ्या दिवशी मृणालिनी येऊन गोड आवाजात म्हणाली, “अहो, दार लावून घ्याल का? मुलांचा आवाज माझ्या मीटिंगमध्ये येतो.” अंबिका हसून हो म्हणाली, आणि तिने दार उघडंच ठेवलं. मुलांचा आवाज कुणाच्या तरी कानावर पडत असलेला बरा, असं तिला वाटे.

दसऱ्याला रमाबाई घर बघायला आल्या. त्या आत पाऊल टाकतात न टाकतात तोच लॉबीतल्या वाऱ्याने पाठीमागे दार असं आपटलं की मनू दचकून रडायला लागला. रमाबाई दाराकडे बघत राहिल्या. आपोआप लागणारं लॅच, बाहेरून चावीशिवाय उघडणार नाही, आणि आतली मूठ मोठ्या माणसाच्या खांद्याएवढी उंच. “दाराक कायतरी लाव गो बाय,” त्या म्हणाल्या. “ह्या वाऱ्याचो भरवसो नाय.” त्याच दिवसापासून अंबिका दाराशी चाळीतून आणलेला वरवंटा लावून ठेवू लागली.

दाराचा बंदोबस्त झाला. खिडकीचा राहिला.

बाहेरच्या खोलीची खिडकी मोठी, सरकत्या काचांची, आणि तिला जाळी नव्हती. आपापल्या मनाने जाळी लावायची नाही, सगळ्यांना एकसारखी लावायची, असं सोसायटीने ठरवलं होतं. कधी? तर दिवाळीनंतर. त्या महिन्यात मुंबईत कुणालाही काहीही विचारा, प्लंबरपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचं उत्तर हेच. अंबिका काच लावून ठेवायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिघं घामाने निथळायची, पण काच उघडायची नाही. पाठ करून भांडी घासताना तिला उगाच वाटायचं, मागे कुणीतरी काच सरकवतंय. वळून बघायची. कुणी नसायचं.

आणि हितेंद्रने काय करून ठेवलं होतं, तर पोरांना त्याच खिडकीची गोडी लावली होती. परळच्या एका ऑफिसात तो हाउसकीपिंगचा सुपरवायझर. चाळीत असताना संध्याकाळी खालून ‘ओवीऽऽ’ म्हणून हाक मारायचा, आणि ओवी गॅलरीच्या कठड्याला लोंबकळून ओ द्यायची. इथे पहिल्याच दिवशी त्याने गेटपासून तशी हाक मारली. वर काही पोचली नाही, वॉचमन मात्र हसला. मग त्याने युक्ती काढली. गेटाशी आला की घरी मिस्ड कॉल. दोनदा वाजून फोन बंद झाला की ओवी स्टूल ओढत खिडकीशी नेणार, मनूला वर चढवणार, आणि दोघं काचेला नाक लावून हात हलवणार. खाली मुंगीएवढा बाप दोन्ही हात हलवणार. पावणेदोन वर्षांचा मनू ‘बाबा’ म्हणायला शिकला तो त्या काचेशी, खाली बोट दाखवत.

“हे बंद कर,” अंबिका म्हणाली होती. “मला भीती वाटते.”

“अगं, काच बंद असते ना? दिवसभरात तेवढीच गंमत त्यांना. जाळी लागली की झालंच.”

तिने ताणून धरलं नाही. तिथेच चुकलं, असं ती आजही म्हणते.

धनत्रयोदशीचा दिवस. सकाळपासून शंकरपाळ्या तळून घरभर धूर झालेला, मनू खोकायला लागला. पोरं आतल्या खोलीत खेळतायत हे बघून तिने बाहेरच्या खोलीची काच सरकवली. धूर गेला की लावू. मग नैवेद्याचे धने-गूळ. अख्खे धने मनूच्या घशात अडकतील म्हणून कुटायला घेतले, आणि त्यासाठी दाराचा वरवंटा उचलून ओट्यावर नेला. गॅस बंद केला. दिवे लागायची वेळ होत आली, उंबऱ्याशी रांगोळी अजून नव्हती. चिमूट रांगोळी आणि हळदकुंकू घेऊन ती बाहेर लॉबीत बसली. ठिपके मांडले. दोन ओळी जोडल्या.

आणि दार धाडकन आपटलं.

क्षणभर तिला काही कळलंच नाही. मग वरवंटा आठवला. मग काच. चावी आत, फोन आत. तिने मृणालिनीची बेल दाबली, दार बडवलं. कुणी आलं नाही. रमाबाईंना हाक मारायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की इथून कुणालाच हाक पोचत नाही. खाली जाऊन वॉचमनला आणायचं, तर दारापासून हलायचं कसं?

तेवढ्यात आत फोन वाजला. दोनदा. बंद झाला.

 आतून ओवीचा आनंदी आवाज आला, “मनू, बाबा!” आणि फरशीवरून स्टूल ओढल्याचा आवाज.

“ओवी! खिडकीत जाऊ नको!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. स्टूल थांबलं नाही. दार जाड होतं, आणि पोरगी गमतीत होती. मग मनूचं खिदळणं ऐकू आलं. पाठोपाठ ओवीची तक्रार, “अरे, मला पण दिसू दे.”

फोन पुन्हा वाजला. या वेळी बंद होईना. वाजतच राहिला. धावत आलेली पावलं, आणि दाराच्या अगदी जवळून ओवी म्हणाली, “बाबा? आई बाहेर गेली.”

“ओवी, मी इथेच आहे, दाराशी,” अंबिका म्हणाली. आता ती ओरडली नाही. ओरडलं तर पोरगी घाबरेल, आणि पोरगी घाबरली तर तिकडे मनू काय करेल, देव जाणे. “मनू कुठे आहे, बाळा?”

“खिडकीत. स्टुलावर. बाबा फोनमध्ये रडतोय.”

अंबिकाने कपाळ दाराला टेकलं. “मनूला सांग, बाबा फोनमध्ये आलाय. फोन दाखव त्याला. म्हणावं, ये, पटकन ये.”

“मनू, बाबा इथे आहे बघ. फोनमध्ये.”

काही ऐकू येईना. मग धप्प असा आवाज झाला. आणि मग मनूने भोकाड पसरलं. आत. घरातल्या फरशीवर. लेकराच्या रडण्याचं एवढं सुख तिला आयुष्यात झालं नव्हतं. ती तिथेच रांगोळीत बसली आणि हुंदके द्यायला लागली.

हितेंद्र लिफ्टमधून धावत आला, पण चावी काही त्याला भोकात घालता येईना. अंबिकाने ती घेतली आणि दार उघडलं. मनूच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. समोरचं दार उघडून, हेडफोन गळ्यात अडकवून मृणालिनीने विचारलं, “काही झालं का?” 

“बाबा,” ओवी म्हणाली, “आज तू हात नाही हलवलास. म्हणून मनू वाकून वाकून बघत होता.”

हितेंद्रने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याने काचेला स्क्रू मारून ती कायमची बंद केली. सोसायटीला काय वाटेल ते वाटो. स्टूल माळ्यावर टाकलं. संध्याकाळी फोन न करता तो गुपचूप वर आला, दार उघडून आत शिरला आणि हाक मारली, “मनू.”

मनू दुडुदुडु धावत आला. त्याने बापाचं बोट धरलं, ओढत ओढत त्याला खिडकीशी नेलं, काचेला नाक लावलं आणि खाली बोट दाखवत म्हणाला, “बाबा.”